प्रायव्हसीच्या कार्यक्रमाला गेलो आणि नंबर वाटून आलो

मा. संपादक,
नमस्कार.

मी शहाद्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शेतकरी आयडी, परीक्षेचे फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, जे येईल ते. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या आणि लांबलं तर कापा, फक्त मधलं ओटीपीचं कापू नका.

झालं असं की माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, लॉगिन, केवायसी, डिजिटल आयडेंटिटी असल्या कामात, त्याच्या कंपनीला जानेवारीत एका कॉन्फरन्सचे पास आले होते आणि त्यातला एक उरला. विषय डेटा प्रायव्हसी आणि डिजिटल ओळख. भाचा म्हणाला मामा, तुम्ही रोज पन्नास लोकांचं आधार हाताळता, आमच्यापेक्षा तुम्हीच यायला पाहिजे. २८ जानेवारीला जगात बऱ्याच ठिकाणी डेटा प्रायव्हसीचा दिवस पाळतात म्हणे (१९८१ साली त्याच तारखेला युरोपातला डेटा संरक्षणाचा करार सह्यांसाठी खुला झाला होता), त्या निमित्तानं कार्यक्रम. म्हटलं चला, पास फुकट, जेवण फुकट, भाच्याकडे जाणंही होईल. रात्रीच्या एसटीनं निघालो.

पास फुकट होता तरी रजिस्ट्रेशन करावंच लागतं, त्याची लिंक आली. मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो, फॉर्म बघून घाबरणारा माणूस नाही, पण ह्यात नाव, मोबाईल, तो व्हॉट्सअ‍ॅपचा आहे का, नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा, मेल, कंपनी, हुद्दा, कंपनीची उलाढाल, जन्मतारीख (ही कशाला?), जेवण व्हेज की नॉनव्हेज आणि शेवटी सरकारी ओळखपत्राचा फोटो अपलोड करा. खाली आधीच टिक केलेला चौकोन, की आमचे पार्टनर तुम्हाला संपर्क करू शकतात. टिक काढली तर पुढे जाता येईना. मी उलाढालीत सगळ्यात खालचा पर्याय निवडला, तो एक कोटीच्या आत असा होता, त्यात मी आरामात बसतो.

आता गेटवरचं ऐका. मी मास्क्ड आधारची प्रिंट घेऊन गेलो होतो, म्हणजे ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझा घसा बसला की बाबांनो लॉजवर, सिमकार्डवाल्याकडे हेच देत जा, तर म्हटलं आपणही तेच वापरावं. हॉटेलच्या गेटवरचा मुलगा म्हणाला, 'सर ये नहीं चलेगा, पूरा नंबर दिखना चाहिए.' मी म्हटलं भाऊ, आत आज कशाचा कार्यक्रम आहे माहितीय का? 'पता नहीं सर, कोई आयटी का है.' शेवटी लायसन दिलं, त्याचा त्यानं स्वतःच्या, काच तडकलेल्या मोबाईलवर फोटो काढला. फोटोचं काय करता विचारलं तर अगदी सरळपणे म्हणाला, रात को ग्रुप पे डाल देते हैं. त्या पोराला मी काही बोललो नाही, माझ्या दुकानात यापेक्षा काही बरं चालत नाही, ते पुढे सांगतो.

आत गेल्यावर गळ्यात क्यूआर कोडवालं कार्ड अडकवलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये स्टॉल. प्रत्येक स्टॉलवर एक मुलगी किंवा मुलगा हसून पुढे येणार, 'सर मे आय?' म्हणणार आणि उत्तर द्यायच्या आत आपल्या छातीवरचा कोड स्कॅन करणार, मग एक चक्र फिरवायला देणार, त्यात बाटली नाहीतर वही नाहीतर पेन. मला लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकवायचं प्लास्टिकचं झाकण मिळालं. कॅमेऱ्यातून कुणी बघू नये म्हणून झाकण, आणि ते मिळवायला नाव, नंबर, मेल, हुद्दा, उलाढाल सगळं देऊन झालेलं. सहा स्टॉल फिरलो तेव्हा लक्षात आलं, मग कार्ड उलटं करून घातलं, तर भाचा म्हणाला मामा तसं करू नका, जेवणाच्या काउंटरवर पण तेच स्कॅन होतंय.

पुढच्या आठ दिवसांत मला चौदा फोन आले. एकानं विचारलं, 'सर आपके ऑर्गनायझेशन में डेटा प्रोटेक्शन ऑफिसर कौन हैं?' मी म्हटलं मीच, आणि सकाळी झाडूही मीच मारतो. तरी त्यानं डेमोची लिंक पाठवली. दोघांनी तर संमती मॅनेज करायचं सॉफ्टवेअर विकायला फोन केला, ज्यांना माझा नंबर मी संमतीनं दिला असं त्या टिकवाल्या चौकोनामुळे कागदोपत्री सिद्ध होतंय.

हे झालं रडगाणं. तिथं काहीच कामाचं नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. कायद्याचं बरंच कळलं, पहिल्यांदा कुणीतरी सगळं एका जागी सांगितलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि तो खटला लावणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टातून निवृत्त झालेले न्यायाधीश, ऐंशी पार केल्यावर २०१२ साली कोर्टात गेले. पुढं २०१८ साली आधारचा निकाल लागला, आधार टिकलं पण खासगी कंपन्यांना वाटेल तिथं आधार मागायची मुभा देणारा कलम ५७ चा भाग गेला. मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्याच्यानंतर दीड वर्षानं लागू, म्हणजे २०२७ चा मे. दंड २५० कोटींपर्यंत. हा आकडा आला की हॉलमधले सगळे मोबाईल वर काढून स्लाइडचा फोटो घेत होते, दिवसभरात तो पाच वेळा तरी आला. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचा डेटा गेला त्याच्या हातात छदाम नाही, आयटी कायद्यात भरपाईचं ४३ अ कलम आहे तेही ह्या कायद्यानं मे २०२७ पासून काढून टाकायचं ठरवलंय. उलट खोटी तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे स्लाइडवर नव्हतं.

मला हे कुठे कळलं? चहाच्या टेबलाजवळ. एक वकील मुलगी होती, सातारची, मी एकटाच कप घेऊन उभा बघून म्हणाली काका तुम्ही कुठून? शहादा म्हटल्यावर म्हणाली म्हणजे टेंभली तुमच्याच तालुक्यात ना? संपादक साहेब, खरं सांगतो, त्या अख्ख्या दिवसात टेंभलीचं नाव घेणारी ती एकटी. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, हेलिकॉप्टर बघायला आम्ही पण गेलो होतो. आणि इथं 'भारताचा डिजिटल ओळखीचा प्रवास' अशी स्लाइड, त्यात दिल्ली, बेंगळुरू, विमानतळावर चेहरा दाखवून आत जायची सोय, सगळं आलं, टेंभली नाही. असो, मानापमानाचा विषय नाही, पण जिथं सुरुवात झाली तिथं पंधरा वर्षांनी काय चाललंय हे बघायला कुणी येत नाही, त्याचं वाईट वाटतं.

त्या मुलीनं पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते दिवसभराच्या इंग्रजी भाषणांपेक्षा जास्त होतं. एक म्हणजे कायद्यानं संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी माणूस मागेल त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे मराठीत मागायचा हक्क आपल्याला आहे. (आमच्याकडे धडगाव, मोलगीच्या लोकांची भिली, पावरी त्या २२ मध्ये नाही, त्यांनी काय करायचं? यावर ती पण गप्प झाली.) दुसरं म्हणजे कायदा फक्त डिजिटल डेटाला, किंवा कागदावरचा पुढे डिजिटल केला तर त्याला. नुसत्या कागदाला नाही. लॉजच्या फाइलमधली झेरॉक्स ह्या कायद्याच्या बाहेर, ती स्कॅन केली की आत. म्हणजे माझं अर्धं दुकान कायद्यात आणि अर्धं बाहेर, मधोमध झेरॉक्स मशीन. तिसरी गोष्ट मला फार आवडली, ह्या कायद्यात माणसाचा उल्लेख करताना इंग्रजीत 'ही' न म्हणता 'शी' म्हटलंय, भारतात असं पहिल्यांदाच, 'ती' म्हणजे कुणीही, बाई असो की बुवा. मी म्हटलं मग बरोबर आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त 'ती'च आहेत.

त्या 'ती'चं आता सांगतो, हे कापू नका.

मागच्या वर्षी लाडक्या बहिणीची ई-केवायसी निघाली. त्यात बाईच्या आधारचा ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. डिसेंबरातली गोष्ट, धडगावकडची एक बाई आली, कडेवर पोर, नवरा बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला. आधारला जोडलेला नंबर त्याच्या साध्या फोनमधला. मी इकडे बटण दाबलं, ओटीपी गेला तिकडे. बाईनं शेजारणीच्या फोनवरून फोन लावला तर उचलला मुकादमानं, कारण नवरा फडात आणि फोन चार्जिंगला मुकादमाच्या झोपडीत. मुकादमाला म्हटलं मेसेज बघ, त्यानं एकेक आकडा अर्धा हिंदीत अर्धा गुजरातीत वाचला, बाईनं स्पीकरवर ऐकून मला मोठ्यानं सांगितला, तिच्या मागं रांगेत सात-आठ बायका, त्यातली एक म्हणाली 'चार नाही, सात म्हणाला तो.' मी सात टाकला. झालं.

ह्या एका ओटीपीला मी मोजलं तर दहा-बारा कान लागले. आणि त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की हा ओटीपी कुणालाही सांगू नका. कुणी चूक केली? बाईनं नाही, मुकादमानं नाही, मी पण नाही, कारण मी ते केलं नसतं तर तिचे महिन्याचे १५०० बंद झाले असते. ही सगळी यंत्रणा धरून चालते की एका माणसाला एक मोबाईल, तो त्याच्याच खिशात, आणि मेसेज त्यालाच वाचता येतो. आमच्याकडे मोबाईल घराचा असतो.

हाच प्रश्न मला तिथं विचारायचा होता. हात वर केला तर सूत्रसंचालक मॅडम म्हणाल्या, सर प्लीज अ‍ॅपवर टाका. अ‍ॅप उतरवलं, त्यानं आधी माझे कॉन्टॅक्ट मागितले आणि लोकेशन मागितलं, दोन्ही नाही म्हटलं, मग प्रश्न टाकला, 'घरात एकच मोबाईल असेल तर संमती कुणाची धरायची?' ज्या प्रश्नाला जास्त लाइक तो वर जाणार असा नियम. माझ्या प्रश्नाला दोन लाइक, एक माझा, एक भाच्याचा. वर गेलेला प्रश्न होता की २५० कोटींचा दंड प्रत्येक चुकीला की एकूण. त्या आधी एका साहेबांनी पासवर्ड आणि ओटीपीची तुलना टूथब्रशशी केली होती, कुणाला वापरायला देऊ नका, लोक हसले, मला ती धडगावची बाई आठवत होती.

आता माझं स्वतःचं. दुसऱ्याला नावं ठेवायची तर आपलंही सांगावं.

लोक माझ्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचे फोटो पाठवतात, भाऊ दोन झेरॉक्स काढून ठेव, येतो. पुण्याहून आल्यावर मी त्या फोनची गॅलरी उघडून बसलो. आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, पोरींचे पासपोर्ट फोटो, मेलेल्या माणसाचा दाखला, हजारांवर निघाले. कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ई-आधारच्या पीडीएफ २०१९ पासूनच्या. त्यांना पासवर्ड असतो म्हणून मी निर्धास्त होतो, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, तो तर मी न विचारता टाकतो, आणि माझ्याकडे कामाला असलेला पोरगाही टाकतो. वाया गेलेल्या झेरॉक्स आम्ही मागच्या बाजूनं वापरतो, उरलेल्या रद्दीत. एकदा स्टँडवर भेळ खाल्ली, पुडी सोडली तर आत एका ओळखीच्या म्हातारबाबांचा उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म, माझ्याच दुकानातला, कोपऱ्यात माझ्याच मशीनची काळी रेघ. तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

कारण अंगठ्याचं काय होतं ते तिथं एका वक्त्यानं सांगितलं आणि ते मी जन्मात विसरणार नाही. जर्मनीत हॅम्बर्गला डिसेंबर २०१४ मध्ये हॅकर लोकांचं संमेलन भरलं होतं, तिथं यान क्रिसलर नावाच्या माणसानं जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या अंगठ्याचा ठसा करून दाखवला, ठसा मिळवला कशातून तर त्यांच्या साध्या फोटोंमधून. आपल्याकडे तर फोटोचीही गरज नाही, खरेदीखतावर अंगठे असतात, आणि असे दस्त ऑनलाइन. हरियाणा, तेलंगणात भामट्यांनी जमिनीच्या दस्तांवरचे ठसे काढून रबरासारखे अंगठे बनवल्याच्या केसेस झाल्यात, कुठे सिमकार्ड काढली, कुठे बँकेतून पैसे काढले. पासवर्ड गेला तर बदलता येतो, अंगठा बदलायला नवीन बोट कुठून आणायचं? आधारवाल्यांनी त्यानंतर खरं बोट की नकली हे ओळखायची नवी पद्धत २०२३ मध्ये आणली ते बरं केलं. बायोमेट्रिक लॉक करायची सोय पण आहे, पण लॉक केलं की रेशन दुकानात अंगठा चालत नाही, आधी अनलॉक करा, त्यासाठी मोबाईल पाहिजे, म्हणजे परत मुकादमाला फोन.

बरं, कार्यक्रम असेच करावे लागतात का? भाचा कंपनीच्या कामाला अमेरिकेत होता तेव्हा कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला एका ठिकाणी गेला होता, इंटरनेट आयडेंटिटी वर्कशॉप, २००५ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा, तिथल्या कॉम्प्युटरच्या म्युझियममध्ये भरतं. तिथं आधीपासून ठरलेले वक्तेच नसतात. सकाळी सगळे गोल बसतात, ज्याला ज्या विषयावर बोलायचंय त्यानं उठून कागदावर लिहायचं, भिंतीवर लावायचं, की बाबा अमक्या टेबलावर अमक्या वाजता, आणि ज्याला वाटेल त्यानं जाऊन बसायचं, कंटाळा आला तर उठून दुसऱ्या टेबलावर. मी म्हटलं म्हणजे आपली पारावरची बैठकच की. तो म्हणाला हो मामा, आणि लॉगिनच्या क्षेत्रातल्या कितीतरी गोष्टी तिथल्या गप्पांतून पुढे आल्यात. मला पुण्यात जे काही मिळालं ते चहाच्या टेबलावरच मिळालं ना, म्हणजे हे लोक दिवसभर चहाचं टेबलच लावून बसतात. आणि बेल्जियमला ब्रसेल्समध्ये दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओपन सोर्सवाल्यांचं, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांचं, फॉसडेम नावाचं संमेलन भरतं, हजारो माणसं येतात, तिकीट नाही, रजिस्ट्रेशन नाही, दार उघडं, आत या. नाव पण विचारत नाहीत. काही ठिकाणी म्हणे गळ्यातल्या पट्टीचा रंग बघून कळतं की ह्या माणसाचा फोटो काढायचा नाही. पट्टीला काय खर्च येतो? आमच्या इथं लग्नाच्या वरातीत मित्रमंडळाच्या पट्ट्या असतात तेवढाच.

आता कुणी म्हणेल की हॉटेलाचे नियम, पोलिसांचे नियम, नोंद ठेवावी लागते. ठेवा की. नाव लिहा, ओळखपत्र बघा आणि परत द्या. आधारवाले स्वतःच आता सांगतायत की हॉटेलवाल्यांनी, इव्हेंटवाल्यांनी झेरॉक्सा जमा करत बसू नये, क्यूआर किंवा अ‍ॅपवरून तपासावं. मे २०२२ ची गंमत आठवते का? आधारच्या बेंगळुरूच्या ऑफिसनं पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा, आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं, म्हणे लोक गैरसमज करून घेतील. त्या दोन दिवसांत माझ्या दुकानात वीसेक जण तरी विचारायला आले की भाऊ, मग काय द्यायचं? पत्रक मागे घेतल्यावर कुणी विचारायला आलं नाही. मास्क्ड आधार डाउनलोड करून घ्या म्हटलं तर दहातले नऊ जण म्हणतात, 'नको, मग ते चालत नाही म्हणतात.' आणि खरंच चालत नाही, पुण्याच्या गेटवर मला चाललं नाही.

मी परत आल्यावर काय केलं तेवढं सांगतो, फार काही नाही. गॅलरी रिकामी केली, दोन रात्री गेल्या. डाउनलोड फोल्डर रोज संध्याकाळी शटर पाडायच्या आधी साफ करायचा, हे पोराला लावून दिलंय, तो विसरतो, मी पण विसरतो, पण आठवड्यातून चार दिवस होतं. वाया गेलेल्या झेरॉक्स फाडून चुलीला, घरी पाणी तापवायला अजून बंबच आहे. भिंतीवर मार्करनं मोठं लिहिलंय, 'काम झाल्यावर आपला फोटो माझ्यासमोर डिलीट करून घ्या.' पहिल्या महिन्यात तीन जणांनी मागितलं. एका आजोबांनी तर विचारलं, डिलीट केल्यावर आधार बंद नाही ना पडणार?

ओटीपीचं मात्र काही करता आलेलं नाही. काउंटरपुढे पिवळी रेघ मारून बघितली, रांग रेघेच्या मागं, पण दुकान आठ बाय दहाचं, रेघेच्या मागं उभं राहिलं की माणूस रस्त्यावर जातो, आणि फोन स्पीकरवरच असतो. आकडे कागदावर लिहून द्या म्हणून बघितलं, तर ज्यांना लिहिता येत नाही त्या परत शेजारणीलाच सांगतात.

म्हणून पत्र लिहितोय. जे लोक हे कार्यक्रम भरवतात, वकील, आयटीवाले, कॉलेजं, सरकारी अधिकारी, ते तुमचा पेपर वाचतात. त्यांना सांगा की एखादा कार्यक्रम इकडे घ्या. राज्यात लोकांचे कागद ज्यांच्या हातातून जातात ते आम्ही आहोत, झेरॉक्सवाले, सेवा केंद्रवाले, लॉजच्या काउंटरवरचे, रेशन दुकानदार, शाळेतले क्लार्क ज्यांच्याकडे आता पोरांच्या अपार आयडीचे फॉर्म आहेत. त्या हॉलमध्ये माझ्यासारखा मला दुसरा दिसला नाही. मराठीत बोला, भिली येणारा एखादा मास्तर मी शोधून देतो. स्लाइड नको, लाइट जाते. संमती म्हणजे काय हे सांगायच्या आधी घरात एकच मोबाईल असला तर काय, हे आम्हाला विचारा, उत्तर आमच्याकडे पण नाही, बसून काढू.

हॉलची सोय आहे, मी बोलून ठेवलंय, भाडं नाही, शंभर माणसं खाली सतरंजीवर आरामात बसतात. चहा माझ्याकडून, पपईचा सीझन असला तर पपई पण. गेटवर कुणी आधार मागणार नाही. फक्त बाजाराचा दिवस सोडून ठेवा, त्या दिवशी मला दुकान बंद ठेवता येत नाही.

आपला,
एक झेरॉक्सवाला, शहादा, जि. नंदुरबार

ता. क. पत्रासोबत नाव, पत्ता, मोबाईल नंबर द्या असा तुमचा नियम आहे म्हणून दिलाय. नाव-नंबर छापू नका, आणि पत्र छापून झालं की तो कागद रद्दीत टाकायच्या आधी फाडा.